पहिल्या नंबरचं कॉलेज

"तुझं बरंय बाई, पहिल्याच राउंडला पहिलंच कॉलेज लागलं!" असं कुणी म्हणालं की माझं अजूनही टाळकं सरकतं. लग्नात म्हणतात, बारशात म्हणतात, दहाव्यालासुद्धा म्हणतात. दहाव्याला, सांगा! माणूस गेलेलं असतं, सगळे नदीवर कावळ्याची वाट बघत उभे असतात आणि शेजारची काकू माझं कोपर धरून इंजिनिअरिंगचं विचारते. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. तोंडानं 'हो ना' म्हणायला मी शिकले, पण मनातल्या मनात शिव्या घालणं काही थांबलं नाही.

आमचं वावर खोडदच्या अलीकडं. बांधावर उभं राहिलं की टोमॅटोच्या तारा-बांबूंच्या वरून डिशा दिसतात, म्हणजे रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या जाळीच्या अँटेना. पाहुण्यांना त्यांचं भारी कौतुक. आम्हाला काय, सकाळी तोंड एकीकडं, संध्याकाळी दुसरीकडं, एवढंच. आठवीत असताना शाळेनं आम्हाला आत नेलं. तिथल्या एका बाईंनी माझ्या कानाला हेडफोन लावला. आधी नुसती खरखर, मग त्या खरखरीतून टक, टक, टक. एक तारा स्वतःभोवती फिरतोय त्याची ही टकटक, असं त्या म्हणाल्या. बाकीच्या पोरी हसत पुढं गेल्या, मी हेडफोन सोडेना. सरांनी वेणी ओढून मला बाहेर काढलं. घरी येऊन मी जाहीर केलं की मी हे ऐकायचं मशिन बनवायला शिकणार. आई म्हणाली, "आधी भांडी घास."

पण ते डोक्यातून गेलं नाही. अकरावी-बारावी मी नारायणगावला येऊन-जाऊन केली, एसटीत उभ्यानं फॉर्म्युले पाठ केले, आणि सीईटीला मला एवढे पर्सेंटाइल पडले की बारावीच्या सरांनी स्वतः घरी फोन केला. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, ब्रँच घ्यायची, एवढंच मला पाहिजे होतं. कॉम्प्युटर नको, आयटी नको. मला ती टकटक पाहिजे होती.

ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी पप्पांनी झेरॉक्सवाल्याकडून गेल्या वर्षीच्या कटऑफचा गठ्ठाच छापून आणला. पप्पांना आकड्यांची भीती नाही. शाळा दहावीत सुटली, पण टोमॅटोचा बाजार त्यांना असा कळतो की आजूबाजूच्या चार वस्त्यांवरची माणसं तोडा, म्हणजे मालाची तोडणी, धरायच्या आधी त्यांना फोन करतात. ओट्यावर बसून, चष्मा नाकावर ओढून त्यांनी तो गठ्ठा दोन दिवस वाचला. कॉलेज, ब्रँच, मुलींच्या जागा, शेवटचा आकडा. पुण्याच्या त्या कॉलेजचा गेल्या वर्षीचा ईएनटीसीचा आकडा माझ्यापेक्षा वर होता. लई नाही, पॉइंटाच्या पुढं थोडा. पप्पांनी त्याच्याखाली पेननं रेघ मारली.

"कालच्या बाजारात आपला माल बसत नाय," ते म्हणाले.

"पप्पा, बाजार रोज बदलतो, तुम्हीच म्हणता ना?"

"बदलतो. म्हणून तर हातातलं सोडायचं नाय."

आता मला कटऑफ म्हणजे काय ते कळतं. आमच्याकडं सगळ्यांना वाटतं की कॉलेजवाले बसून तो आकडा ठरवतात, पासिंगच्या मार्कांसारखा. तसं काही नाही. जागा भरत भरत जातात, आणि ज्या पोराला शेवटची जागा मिळाली त्याचा आकडा म्हणजे कटऑफ. यंदाचा शेवटचा पोरगा कोण असेल हे गेल्या वर्षीच्या कागदाला कुठून कळणार? पण तेव्हा हे मला धड सांगता येत नव्हतं. नुसतं पोटात वाटत होतं की आपण चुकतोय. आणि पोटात वाटतंय म्हटल्यावर आमच्या घरात ओव्याचं पाणी देतात.

खरं घोडं अडलं ते नंबरावर. फॉर्मात कॉलेजं आपल्या पसंतीनं लावायची असतात, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी. मी म्हणत होते, पुण्याचं एक नंबरला टाका, नाही लागलं तर दोन नंबरचं लागेल. पप्पांना हे मुळातच पटेना, कारण त्यांच्या डोक्यात बाया सांगायची रीत होती.

तोड्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बाया सांगायला जावं लागतं. म्हणजे कामाच्या बायकांच्या टोळीच्या घरी जायचं आणि 'उद्या आमच्याकडं या' म्हणून सांगून यायचं. सगळ्यांचाच माल एकदम पिकतो, त्यामुळं टोळ्यांची ओढाताण असते. मी लहान असताना एकदा पप्पा आमच्या नेहमीच्या टोळीला सोडून आधी मंचरकडच्या एका टोळीकडं गेले. त्या बायका हाताला चपळ होत्या म्हणून. त्यांनी नाही म्हटलं. पप्पा गाडी फिरवून आपल्या टोळीकडं आले, तोवर त्या बायांना शेजारच्यानं सांगून ठेवलं होतं. आणि मुकादमीण वर म्हणाली, "आमी काय दुसऱ्या नंबरच्या का, भाऊ?" माल झाडावर लाल होऊन गळला. बांधाच्या कडेला टाकलेल्या टोमॅटोंचा वास आठ दिवस घरात येत होता. तेव्हापासून पप्पांचा नियम पक्का झाला. जी टोळी नक्की येणार, तिला पहिलं सांगायचं.

"पुण्याच्या कॉलेजला पहिलं सांगितलं, त्यांनी न्हाई म्हटलं, की मंग या दुसऱ्या कॉलेजला कळणारच की आपण त्यांना दोन नंबरला ठिवलं. तवर त्यांनी दुसरी पोरं घेतली असतील. मंग काय करशील? बसशील बांधावर?"

"अहो पप्पा, ते कॉम्प्युटर करतो! त्याला काय राग येतोय का?"

"कॉम्प्युटरबी मानसांनीच केलाय."

मी सरांना फोन केला. सर म्हणाले, वडील म्हणतात तसं करा, सेफ राहा. सरांना तरी कुठं धड माहीत होतं! त्यांच्या काळात प्रवेश मार्कांवर आणि रांगेत उभं राहून झाले होते. मग मी जेवायचं सोडलं. दुपारपर्यंत आईनं लक्ष दिलं नाही, संध्याकाळी ती रडायला लागली, आणि मी जेवले.

फॉर्म नारायणगावच्या स्टँडजवळ एका नेट कॅफेत भरला. ओटीपी पप्पांच्या मोबाईलवर येणार, म्हणजे चावी त्यांच्याकडंच. कॅफेवाल्या पोरामागं उभं राहून पप्पा एकेक कॉलेज सांगत गेले आणि तो टाइप करत गेला. एक नंबरला हायवेपलीकडचं एक खाजगी कॉलेज, जिथं माझ्या आकड्याला दारं उघडीच होती. पुण्याचं दोन नंबरला. शेवटी पडद्यावर नियमांचं लांबलचक पान आलं. मी म्हटलं, थांबा, वाचू द्या. मागं रांग होती, कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, आटपा की राव!" कॅफेवाल्यानं 'मी वाचले आहे' वर टिचकी मारली. पप्पांनी ओटीपी वाचून दाखवला.

राउंड लागला त्या सकाळी पप्पा वावरात होते. मेसेज बघून ते तिथूनच ओरडले, मी घरात ऐकलं. एक नंबरचं कॉलेज, ईएनटीसी, पहिल्याच राउंडला! ते तसेच चिखलाच्या पायांनी गाडीवर बसून पेढे आणायला गेले. गल्लीत वाटले, देवळात ठेवले, वावरात बायांना वाटले. मुकादमीण आता म्हातारी झालीय. तिनं हात पदराला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाप शाना हाय गं तुजा." पप्पा मान वळवून डिशांकडं बघत होते. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले. मलाही वाटलं, जाऊ दे, ब्रँच तर मिळाली. मीही दोन पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्या राउंडचे कटऑफ आले. मी माडीवर एकटीच होते. मोबाईलवर ते लांबडं पान सरकवत सरकवत पुण्याच्या कॉलेजपर्यंत गेले, ईएनटीसी, मुलींच्या जागा. यंदाचा शेवटचा आकडा माझ्यापेक्षा खाली होता. मला वाटलं मी ओळ चुकले. बोट धरून पुन्हा वाचलं. खालीच होता. म्हणजे माझ्याहून कमी पर्सेंटाइलची कुणीतरी मुलगी तिथं गेली होती आणि मी गेले नव्हते. ती एक नंबरला ते कॉलेज टाकून मोकळी झाली होती, एवढाच फरक.

मग मी नियमांचं ते पान उघडलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. कॉम्प्युटर वरून खाली येतो. एक नंबर मिळत नसेल तर दोन नंबर बघतो, आणि असं करताना दोन नंबरचं काहीही कमी होत नाही. दोन नंबरच्या कॉलेजला आपण त्याला दोन नंबरला ठेवलं हे कळतच नाही. आणि एक नंबर मिळाला की खालचं तो बघतही नाही. सीट आपोआप पक्की होते, पुढच्या राउंडला तुम्ही नाही. कॉम्प्युटरच्या हिशेबात मी हवं ते मिळालेली मुलगी होते. मी उशीत तोंड घालून ओरडले. खाली पप्पा वावरातल्या बायांसाठी पेढ्यांचा दुसरा पुडा पिशवीत घालत फोनवर कुणालातरी सांगत होते, "पयल्याच राउंडला!"

आईला सांगितलं तर ती खाटेवर मटकन बसली. मग म्हणाली, "आता बदलतंय का?"

"नाही. हे सोडून पुढच्या वर्षी परत सीईटी द्यायची."

"वरीस घरात बसलीस की स्थळं यायला लागतील. तुझे चुलते थांबायचे नाहीत." मग तिनं माझा हात धरला. "त्यांना सांगू नको. आयुष्यात पहिल्यांदा पेढे वाटलेत त्यांनी. मोडून पडतील."

"आणि मी? मी नाही मोडले?"

"तू तरणी आहेस," आई म्हणाली.

त्या वाक्याचा राग मला आजही येतो. पण मी गेले त्या कॉलेजात. कॉलेज वाईट आहे असं मी म्हणत नाही. पोरं चांगली आहेत, मेसचं जेवण बरं आहे. पण ज्या लॅबसाठी मी गेले तिथली अर्धी मशिन बंद, आणि अँटेना शिकवणारे सर पहिल्या सत्रातच नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम पुस्तकातून वाचून दाखवायच्या. मी डिशांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "ते सिलॅबसमध्ये नाहीये." त्या दिवशी मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

पुढच्या वर्षी, फॉर्म भरायच्याच दिवसांत, मी घरी आले होते. दुपारी कळंबचा मामा गाडीवरून आला, मागं त्याची मुलगी, माझी मामेबहीण, हातात कटऑफचा गठ्ठा घेऊन. तिला माझ्याएवढेच पर्सेंटाइल होते, उलट जरा कमीच. तिलाही ईएनटीसीच हवी होती. माझं बघूनच डोक्यात घेतलं होतं तिनं. मामा ओट्यावर बसत म्हणाला, "दाजी, हिचा फॉर्म तुमीच भरायचा. तुमचा हात लागला की पयल्या फटक्यात लागतंय."

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वर्षभरात ते गावचे फॉर्मवाले झाले होते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी यायच्या आधी दोन पोरं येऊन गेली होती म्हणे.

"हे बघ पोरी," पप्पा तिला सांगत होते, "जे नक्की लागणार, ते एक नंबरला. बाया सांगतो ना आपण, तसं."

दारातून आई माझ्याकडं बघत होती. डोळे मोठे करून मान हलवत होती, नको, नको. मामेबहिणीनं पेननं त्या हायवेच्या कॉलेजपुढं एक लिहिला. माझ्याच कॉलेजपुढं. माझा हात जाऊन तिच्या हातावर पडला.

"पप्पा, तसं नाहीये."

"काय तसं न्हाई?"

"हे चुकीचं आहे. तिला पुण्याचं पाहिजे तर पुण्याचं एक नंबरला टाकू द्या."

पप्पा हसले. मामाकडं बघून म्हणाले, "हिचंच तर भरलं व्हतं असं. लागलं का न्हाई?"

मी मोबाईल काढला. गेल्या वर्षीचं ते पान माझ्याकडं होतंच, मी ते कधी पुसलं नव्हतं. पप्पांच्या पुढ्यात धरलं. "हा पुण्याचा शेवटचा आकडा. आणि माझा तुम्हाला पाठ आहे."

बाजाराच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या माणसाला आकडा समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी ओठ हलवत तो आकडा वाचला, मग माझा म्हटला, मग पुन्हा तो वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मला आधी वाटायचं की हा क्षण आला तर मला बरं वाटेल. डोंबलाचं बरं!

"दोन नंबरला व्हतं की हे," ते म्हणाले.

"एक नंबर मिळाल्यावर कॉम्प्युटर दोन नंबर बघतच नाही, पप्पा. आणि एक नंबर नाही मिळाला तरी दोन नंबर जात नाही. कुणाला राग येत नाही. बायांसारखं नसतं ते."

मामा चुळबुळत म्हणाला, "जाऊ द्या ना दाजी, नशिबात नसतं एकेक."

"नशीब कसलं घालताय मधी, मामा?" मी अशी ओरडले की गोठ्यातली गाय उठली. "आकडा आहे तो! समोर लिहिलाय!"

पप्पांनी हात वर केला. मला विचारलं, "हे कवा कळलं तुला?"

"राउंडच्या दुसऱ्या दिवशी."

"आन् हिला?"

माझी नजर आईकडं गेली. त्यांनी दाराकडं पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला होता.

"म्हंजी वावरात दुसऱ्यांदा पेढे घिऊन गेलो," पप्पा म्हणाले, "तवा तुमा दोघींना ठावं व्हतं."

त्यांनी चष्मा काढून मामेबहिणीच्या गठ्ठ्यावर ठेवला. "ही सांगंल तसं भर," असं तिला म्हणाले आणि चप्पल न घालता वावराकडं गेले. मला वाटलं, दिवेलागणीपर्यंत येतील. आले ते जेवणं झाल्यावर. ताटावर बसले आणि भात कालवताना मला हळूच विचारलं, "अजून काय करता येत न्हाई का गं?" वर्ष उलटून गेलं होतं. माझं दुसरं वर्ष सुरू व्हायचं होतं. मी म्हटलं, नाही. त्यांनी भात तसाच ठेवून हात धुतला.

मामेबहिणीला पुण्याचं लागलं. ईएनटीसी. मामानं पेढे आणले तेव्हा पप्पांनी एक उचलून तिला भरवला आणि स्वतः खाल्ला नाही. फॉर्म भरायला पुन्हा कुणी आलं तर ते सांगतात, "आमच्या पोरीला इचारा, मला त्यातलं कळत न्हाई." ज्या दोन पोरांचे फॉर्म त्यांनी भरले होते, त्यांच्या घरी ते त्याच आठवड्यात जाऊन आले. एकाचा फॉर्म पक्का व्हायचा होता, बदलून घेतला. दुसऱ्याचा ओटीपी टाकून पक्का झाला होता. त्या पोराच्या बापाशी पप्पा आता बाजारातही बोलत नाहीत, म्हणजे तो बोलत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामेबहीण डिशांच्या तिथं शिकायला आली. तिच्या कॉलेजातनं तिची निवड झाली होती. कळंबहून रोज येणं लांब पडतं म्हणून ती आमच्याकडंच राहिली, माझ्या खोलीत. पप्पा तिला सकाळी गाडीवरून गेटापर्यंत सोडायचे. संध्याकाळी आली की ती मला सगळं सांगायची, मी हूं हूं करत ऐकायची. पोरगी गुणाची आहे, तिचा मला राग नाही. एकदा जेवताना ती ताऱ्याच्या टकटकीबद्दल बोलायला लागली, तर पप्पा ताट घेऊन बाहेर ओट्यावर गेले.

परवा यंदाच्या पहिल्या राउंडचे कटऑफ लागले. मी हॉस्टेलवर होते. सकाळी सकाळी पप्पांचा फोन आला.

"पुण्याचं कितीला बंद झालं यंदा?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "लई वर गेलंय, पप्पा. यंदा असते तर मला लागलंच नसतं. बरं झालं ना."

मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मी बघितलंय," ते म्हणाले. "यंदाबी लागलं असतं." आणि मग म्हणाले, "ठिवतो, बाया आल्यात."